दुसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कुठे गेलं?

तक्रार ऐकायला साधी होती. गाडी उभी असताना थरथरते, वेग घेतला की सगळं ठीक. चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन, त्यावर गॅसचं किट, आणि बहुतेक धाव गॅसवरच. स्कॅनर लावला तर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसफायर (इंधन नीट न पेटणं). आणखी एक गोष्ट तेव्हाच टिपून ठेवली, कारण पुढे तीच कामाची ठरली. हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग, जिथे व्हॉल्व्ह असतात) टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागांचा, आवाज अजिबात येत नव्हता. इंजिन या बाबतीत शिलाई मशिनसारखं गुळगुळीत होतं.

आयडलला (इंजिन संथ, गाडी उभी) मिसिंग आणि वेगात साफ, हे लक्षण दिसलं की गळतीचा संशय घ्यावा. ८०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) कॉम्प्रेशनच्या, म्हणजे हवा दाबण्याच्या, एका स्ट्रोकला साधारण ३७ मिलिसेकंद लागतात, २५०० ला फक्त १२. व्हॉल्व्हच्या कडेला बारीक फट असेल तर संथ गतीत हवेला निसटायला भरपूर वेळ मिळतो, जलद गतीत मिळत नाही. कॉइल आणि प्लगचा दोष बहुधा उलटा वागतो. चढावर पिकअप मागितला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि तिथे कमजोर कॉइल मान टाकते. हा काही पक्का नियम नाही, पण कोणत्या बाजूने सुरुवात करायची ते यावरून ठरतं.

तरीही आधी सोपे दोष काढून टाकले. दुसऱ्याची कॉइल चौथ्यावर आणि चौथ्याची दुसऱ्यावर लावली, कोड पुसला आणि गाडी पुन्हा चालू केली. कोड पी०३०२ च आला. मग प्लगची अदलाबदल केली, तरी तोच. दोन्ही एकदम बदलले तर कोड हलल्यावर दोष कशात होता ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच वस्तू हलवायची. इंजेक्टरला मात्र हात लावावा लागला नाही. गाडी पेट्रोलवर आणि गॅसवर सारखीच थरथरत होती, आणि दोन्ही इंधनांचे इंजेक्टर वेगळे असतात. एकाच सिलिंडरचे दोन्ही एकाच वेळी बिघडणं जवळजवळ अशक्य. दोन इंधनांच्या गाडीत ही तपासणी एका बटणावर होते, आणि तरी तिचा विसर पडतो.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवून बघण्याचा मोह टाळा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते. एका दुरुस्तीच्या दोन होतात.

पुढची तपासणी कागदाच्या पट्टीची. आयडलला सायलेन्सरच्या तोंडापाशी पातळ कागद धरला. निरोगी इंजिनावर तो एकसारखा बाहेर फडफडतो. इथे तो मधूनमधून आत ओढला जात होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर इनटेक स्ट्रोकला पिस्टन खाली जाताना एक्झॉस्टच्या नळीतूनही थोडी हवा ओढतो. कोणतंही मिसफायर थोडाफार असा झटका देऊ शकतं, त्यामुळे हा पुरावा नव्हे, इशारा समजायचा.

मग इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडला. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं, आणि दर हजार फूट उंचीला त्यातला सुमारे एक इंच कमी धरायचा. आकड्यापेक्षा काट्याची चाल महत्त्वाची. इथे काटा १८ वरून १४ कडे झटका खात होता, सेकंदाला सहा-सात वेळा, ठरलेल्या तालात. ८०० आरपीएमला एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. तेव्हा हा ताल एकाच सिलिंडरचा. झटका कधी येतो, कधी येत नाही, असं असेल तर एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये (त्याचा दांडा सरकतो ती नळी) अडकतोय असं समजावं. आयडलला काटा थरथरतो आणि रेस दिल्यावर स्थिर होतो तेव्हा गाइड झिजलेले असतात. रेस वाढवली की थरथर वाढते तेव्हा स्प्रिंग कमजोर. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर व्हॉल्व्ह उघडायची वेळच चुकलेली असू शकते, म्हणजे टायमिंग बेल्ट किंवा चेन एखादा दात सरकली असेल.

यानंतर कॉम्प्रेशन. ही तपासणी सगळेच करतात आणि निम्मे लोक चुकीची करतात. इंजिन गरम करून घेतलं, चारही प्लग काढले, फ्यूएल पंपाचा फ्यूज आणि कॉइलचे वायरिंग कनेक्टर काढून ठेवले. कॉइल लोंबकळत ठेवून क्रँक केलं (स्टार्टरने इंजिन फिरवलं) तर प्लगच्या भोकातून उडालेल्या पेट्रोलला ठिणगी मिळते, हे लक्षात असू द्या. थ्रॉटल पूर्ण उघडा धरला. तो बंद राहिला तर हवाच आत जात नाही आणि चारही आकडे खोटे कमी येतात. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, कारण स्टार्टर मंदावला की आकडे पडतात. प्रत्येक सिलिंडरला मोजून सहा फुंका, म्हणजे कॉम्प्रेशनचे सहा स्ट्रोक, दिल्या. पहिल्या फुंकेचा आकडाही लिहिला, कारण पहिल्या फुंकेला खूप कमी आणि मग हळूहळू चढत जाणारा दाब पिस्टनच्या रिंगांकडे बोट दाखवतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर पहिली फुंकही कमी आणि शेवटचीही कमी.

आकडे असे आले: १७२, ९८, १७०, १७४ पीएसआय. कंपनीचा आकडा काय आहे यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहायचा. सर्वात जास्त आणि सर्वात कमी यांत १० ते १५ टक्के फरक चालतो. इथे तो ४० टक्क्यांच्या पुढे होता. चारही सारखेच कमी आले असते तर टायमिंगकडे वळलो असतो. शेजारशेजारचे दोन कमी आले असते तर त्यांच्या मधल्या हेड गॅस्केटकडे.

दुसऱ्या सिलिंडरमध्ये एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिली इंजिन ऑइल टाकून पुन्हा क्रँक केलं. ९८ चे १०४ झाले. ऑइल रिंगांभोवती पसरून त्यांची गळती तात्पुरती बंद करतं, व्हॉल्व्हपर्यंत ते पोचत नाही. सहा पीएसआयची वाढ तर चांगल्या सिलिंडरलाही मिळते, कारण ऑइल जागा व्यापतं. म्हणून शेजारच्या चांगल्या सिलिंडरवरही तोच चमचा टाकून तुलना करावी. जास्त ओतू नका, नाहीतर ऑइल दाबलं न जाता कनेक्टिंग रॉडवर जोर येतो.

रिंग निर्दोष ठरल्या. उरले व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, आणि त्यासाठी लीकडाउन. माझ्या मते व्हॉल्व्हच्या निदानात याच्या तोडीचं दुसरं साधन नाही. सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाने हवा सोडायची, किती टिकते ते दुसऱ्या गेजवर वाचायचं, आणि गळणारी हवा कुठून बाहेर येते ते कानाने ऐकायचं.

पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सर्वात वरच्या टोकाला, असला पाहिजे, एक्झॉस्टच्या नव्हे. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२ होता, म्हणून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणल्यानंतर क्रँक दीड फेरी पुढे फिरवला की दुसरा येतो. खात्रीसाठी टॅपेट कव्हर उघडून त्या सिलिंडरचे चारही रॉकर (कॅमने हलून व्हॉल्व्ह दाबणारे लिव्हर) हाताने हलतात का ते पाहायचं. इथेच दोन एक्झॉस्ट रॉकरपैकी एक हलेना. तेवढ्यावर निष्कर्ष काढला नाही, फक्त लिहून ठेवलं. सिलिंडरचा व्यास ७० मिमी असेल आणि १०० पीएसआय पूर्ण दाब पोचला तर पिस्टनवर सुमारे २७० किलोचा जोर येतो. पिस्टन टीडीसीपासून जरा सरकलेला असेल तर क्रँक झटक्यात फिरतो. पुलीच्या नटावर पाना लावून तसाच सोडून दिला तर तो हात मोडू शकतो. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हँडब्रेक लावला, पाना काढून घेतला आणि हवा हळूहळू वाढवली.

गेजवर १०० च्या जागी ६२, म्हणजे ३८ टक्के गळती. बाकीचे तिन्ही सिलिंडर ७ ते ९ टक्क्यांत होते. १० टक्क्यांपर्यंत उत्तम, २० पर्यंत चालवून घ्यावं, ३० च्या पुढे काम निघालंच. मग कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंग. थोडी तर नव्या इंजिनातही येते. थ्रॉटल बॉडीतून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. पण रेडिएटरचं झाकण इंजिन कोमट झाल्यावरच उघडायचं.

सायलेन्सरच्या तोंडाशी हवेचा सरळ झोत लागत होता. पण तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातूनही हवा येत होती, आणि इथे अनुभवी माणूससुद्धा फसतो. दोन आणि तीनच्या मधलं गॅस्केट गेलं, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात दुसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला असतो तेव्हा तिसरा एक्झॉस्टच्या शेवटी, ओव्हरलॅपमध्ये असतो आणि त्याचे व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. दुसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून गळलेली हवा मॅनिफोल्डमध्ये जाते, तिथून तिसऱ्यात शिरते आणि त्याच्या उघड्या भोकातून बाहेर पडते. थ्रॉटलमध्येही तिचा हलका आवाज येऊ शकतो. गॅस्केट खरंच फुटलेलं असतं तर तिसऱ्याचं स्वतःचं कॉम्प्रेशनही पडलं असतं. ते तर १७० होतं. तिसऱ्याचा प्लग परत बसवल्यावर हवेचा सगळा जोर सायलेन्सरमध्येच राहिला.

बहुतेक ठिकाणी यानंतर थेट हेड उतरतं. एक पायरी गाळली जाते. लीकडाउनवरून एवढंच कळतं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत नाही. तो जळला म्हणून बंद होत नाही, की टॅपेटने दाबून धरला म्हणून, हे ती तपासणी सांगत नाही. म्हणून इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं आणि क्लिअरन्स, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, मोजले. मोजमाप थंड इंजिनावरच, कारण मॅन्युअलमधले आकडे थंड इंजिनाचे असतात. अपवाद असलेली इंजिनं आहेत. मॅन्युअल उघडून पाहावं. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ही पायरीच नसते.

या इंजिनाला इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी आणि एक्झॉस्ट ०.२८ ते ०.३२ मिमी हवे होते. कॅमची पाठ रॉकरकडे वळवून फीलर गेजची पाती सरकवायची. ०.२८ ची पाती सहज गेली पाहिजे आणि ०.३३ ची जाता कामा नये. नुसत्या 'अडत सरकते' या स्पर्शावर विसंबलं तर दर माणसागणिक माप बदलतं. इनटेक सगळे ठीक निघाले. एक्झॉस्ट मात्र पहिल्याला ०.२२ आणि ०.२१, तिसऱ्याला ०.२० आणि ०.२२, चौथ्याला ०.२४ आणि ०.२३. दुसऱ्याला एक ०.१० आणि दुसरा शून्य. सर्वात पातळ पातीही शिरेना.

हेडमधून टिकटिक का येत नव्हती ते इथे कळलं. लोक टॅपेटच्या आवाजाला घाबरतात आणि आवाज बंद झाला की निर्धास्त होतात. ढिला टॅपेट टिकटिक करतो, लिफ्ट थोडी कमी देतो, कॅमवर ठोके मारतो, पण तो व्हॉल्व्ह पूर्ण बसतो. घट्ट टॅपेट गप्प असतो आणि व्हॉल्व्ह जाळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं ७०० ते ८०० अंश सेल्सिअसला काम करतं. त्यातली साधारण तीन चतुर्थांश उष्णता सीटला (हेडमधली टेकायची कड) टेकल्यावर सीटमधून हेडमध्ये जाते, उरलेली स्टेममधून (दांड्यातून) गाइडमध्ये. क्रँकच्या ७२० अंशांपैकी साधारण दोन तृतीयांश काळ व्हॉल्व्ह सीटला टेकलेला असतो, तेवढाच त्याला थंड व्हायचा वेळ. क्लिअरन्स संपला की टेकणं आधी अपुरं होतं आणि मग बंदच होतं. शिवाय त्या फटीतून जळता वायू गॅसकटरसारखा निघतो आणि कडेत खाच पाडतो. इनटेकला येणारी थंड हवा वाचवते, म्हणून जळतो तो जवळजवळ नेहमी एक्झॉस्टच.

क्लिअरन्स मुळात संपतो कसा, हेही सांगायला हवं, कारण झिजेने फट वाढते अशीच सर्वांची समजूत असते. रॉकर आणि कॅमच्या झिजेने ती वाढते. पण व्हॉल्व्हचा चेहरा (सीटला टेकणारी बाजू) आणि सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, त्याचं स्टेम वर येतं आणि फट कमी होते. गॅस हे कोरडं इंधन, त्यावर सीटची ही झीज पेट्रोलपेक्षा लवकर होते. म्हणून गॅसवरच्या गाडीचे एक्झॉस्ट टॅपेट ठरलेल्या अंतराच्या निम्म्यावर तपासावेत, आवाज असो वा नसो.

सगळे एक्झॉस्ट क्लिअरन्स ०.३० ला लावले. चेकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर प्रत्येक माप पुन्हा घेतलं. इंजिन पंधरा मिनिटं चालवून कॉम्प्रेशन परत पाहिलं. व्हॉल्व्ह नुसता दाबलेला असता तर आकडा इथेच १६० च्या वर गेला असता आणि काम संपलं असतं. गाडी वेळेत आली तर असं होतं, आणि एक हेड वाचतं. इथे ९८ चे फक्त ११२ झाले, गळती ३८ वरून ३१ वर आली. प्लगच्या भोकातून बोरस्कोप (बारीक कॅमेरा) घातला तेव्हा एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला पांढुरका पट्टा आणि त्यात तुटल्यासारखी खाच दिसली. हेड उतरवायचं ठरलं.

उतरवलेल्या हेडवर, स्प्रिंग न काढता, रॉकेलची तपासणी केली. हेड उलटं ठेवून प्लग बसवले आणि चारही चेंबर रॉकेलने भरले. दुसरं चेंबर काही सेकंदांत रिकामं झालं. पोर्टमध्ये टॉर्च मारल्यावर कोणत्या व्हॉल्व्हखालून धार लागली ते दिसलं. पहिल्या आणि चौथ्याच्या पोर्टमध्ये पाच मिनिटांनंतरही नुसता ओलावा होता.

व्हॉल्व्ह बाहेर काढला तेव्हा कडेला सुमारे ४ मिमी रुंद खाच होती. शेजारच्याच्या चेहऱ्यावर खड्डे पडले होते, तो पण बदलला. लॅपिंग पेस्ट लावून घासत बसलं तर असे खड्डे जात नाहीत, उलट व्हॉल्व्हच्या चेहऱ्यात चर पडतो आणि सीट रुंद होते. लॅपिंग हे कापलेल्या सीटवर शेवटचा हात फिरवायला. मग गाइड मोजला. स्टेम आणि गाइडमधली फट ०.११ मिमी निघाली. अशा छोट्या इंजिनात ती ०.१ च्या आत हवी. ढिल्या गाइडमध्ये व्हॉल्व्ह तिरका बसतो, एका बाजूने टेकतो, आणि नवी सीट कापूनही तिथेच पुन्हा जळतो. सीट आधी कापून गाइड नंतर बदलणं ही महागात पडणारी चूक आहे, कारण कटरचा पायलट (मधला दांडा) गाइडमध्येच बसतो. गाइड बदलला की केंद्र बदलतं. म्हणून आधी हेड गरम करून गाइड बदलला, मग सीट.

सीट इतकी खोल गेली होती की नुसती कापून भागणार नव्हतं. गॅसला टिकणाऱ्या कठीण धातूच्या सीटरिंग दुसऱ्या सिलिंडरच्या दोन्ही एक्झॉस्टला बसवल्या. ४५ अंशांचा मुख्य काप, वर ३० आणि खाली ६०, आणि टेकण्याची रुंदी सुमारे १.५ मिमी. ती फार अरुंद झाली तर उष्णता निघत नाही, फार रुंद झाली तर कार्बन चिरडला जात नाही आणि गळती सुरू होते. निळी शाई लावून पाहिली. ठसा सलग आणि चेहऱ्याच्या मध्यावर हवा. पेस्टचा कणही राहू नये म्हणून हेड दोनदा धुतलं. सरळपट्टीखाली ०.०५ ची पाती कुठेच शिरली नाही, त्यामुळे हेड फेस करायची (घासून सपाट करायची) गरज नव्हती. स्टेम सील सगळे नवे घातले. बऱ्याच वेळ आयडलला उभी राहून निघताना निळा धूर सोडणाऱ्या गाडीत बहुधा हेच सील गेलेले असतात, आणि त्यांचा कॉम्प्रेशनशी संबंध नसतो.

हेडचे बोल्ट ताणून बसणारे होते, ते एकदाच वापरायचे, म्हणून नवे घेतले. मधून कडेकडे, आधी टॉर्क आणि मग अंश. क्लिअरन्स लावल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवला, कुठे अडत नाही ना ते पाहिलं आणि मापं पुन्हा घेतली.

कॉम्प्रेशन १७३, १७१, १७२, १७५. दुसऱ्याची गळती ६ टक्के, व्हॅक्यूमचा काटा १८.५ वर स्थिर. नवी सीट सुरुवातीला थोडी दबते, म्हणून १००० किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा तपासले. दुसऱ्याचे एक्झॉस्ट ०.२८ आणि ०.२७ निघाले, परत ०.३० ला लावले. बाकीचे होते तसेच. सोळाही मापं तारीख आणि किलोमीटरसह सर्व्हिसच्या वहीत लिहिली. पुढची तपासणी १०,००० किलोमीटरला.